अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

पुण्यात भाड्याने राहणारा माणूस ओळखायची एक सोप्पी खूण आहे. त्याच्या माळ्यावर टीव्हीचं खोकं असतं. रिकामं, आतल्या थर्माकोलसकट. शेजारी मायक्रोवेव्हचं खोकं, त्यात मिक्सरचं खोकं, आणि त्यात कुठल्यातरी एका पिशवीत वॉशिंग मशीनचे ते चार ट्रान्झिट बोल्ट, जे हरवले तर पुढच्या वेळी ड्रम आपटून मशीनचा जीव जाईल. स्वतःच्या घरात राहणारा माणूस ही खोकी आठवडाभरात भंगारवाल्याला देऊन मोकळा होतो. भाडेकरू मात्र ती जपून ठेवतो. कारण टीव्ही घेतानाच त्याला माहीत असतं की हा टीव्ही लवकरच पुन्हा या खोक्यात जाणार आहे.

पुण्यात येऊन मला साडेपाच वर्षं झाली. म्हणजे ६६ महिने, म्हणजे बरोब्बर सहा करार. त्यांपैकी दोनदा करार त्याच घरात वाढला आणि तीनदा घर बदललं. एकदा मालकांनी फ्लॅट विकला, एकदा त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, एकदा 'मार्केट रेट वाढलाय' म्हणून. या शनिवार-रविवारी चौथ्यांदा सामान बांधतोय. ब्राउन टेपचे सहा रोल आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा समोर आहे, आणि बायकोने मार्कर घेऊन प्रत्येक खोक्यावर आकडे टाकायला घेतलेत.

पॅकिंग कसं करावं यावर सल्ले भरपूर मिळतात. पुस्तकं छोट्या खोक्यात भरा, नाहीतर खोकं उचलताना बूड सुटतं. काचेच्या बशा आडव्या रचू नका, उभ्या लावा. फ्रिज आदल्या रात्री बंद करा. वायरींचा फोटो काढून ठेवा. सगळं खरं आहे आणि सगळं उपयोगी आहे. पण मला आज वेगळाच प्रश्न विचारायचाय. हे सामान आपण इतक्या वेळा बांधतोच का?

उत्तर तुम्हाला माहीतच आहे. करार अकरा महिन्यांचा असतो म्हणून.

आणि करार अकराच महिन्यांचा का असतो? इथे मात्र गंमत आहे. एजंटला विचारा, मालकांना विचारा, सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, शेजारच्या क्युबिकलमधल्या माणसाला विचारा. सगळे एकच उत्तर देतात, 'अकरा महिन्यांचाच असतो, सर.' च्यायला, हे काय कारण झालं?

माझं म्हणणं सरळ आहे. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या कराराला आज काहीही अर्थ उरलेला नाही. कायद्यात त्याला आधार नाही, पैशांत फायदा नाही. ही एक अंधश्रद्धा आहे. आणि ती पाळतायत ती आपल्यासारखीच शिकलीसवरली माणसं, जी एरवी कोडमध्ये कुणी ११ हा आकडा थेट टाईप केला तर रिव्ह्यूमध्ये त्याची सालं काढतात.

हा आकडा आला कुठून?

१९०८ सालचा नोंदणी कायदा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये म्हटलंय की स्थावर मालमत्तेचा एक वर्षाहून जास्त मुदतीचा, किंवा वर्षानुवर्षं चालणारा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे. झालं! नोंदणी म्हणजे मुद्रांक शुल्क, कचेरीत खेटे, रांगा. मग लोकांनी काय केलं? मुदत एका वर्षाच्या आत बसवली. अकरा महिने म्हणजे वर्षाला टांग मारून नोंदणी चुकवायची युक्ती. पळवाट म्हणून ठीकच होती. देशातल्या बऱ्याच राज्यांत ती आजही चालते.

पण महाराष्ट्रात? इथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ असं सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा कुठलाही करार लेखी असलाच पाहिजे आणि नोंदवलेलाच असला पाहिजे. कुठलाही. मुदत पाच महिने असो, अकरा असो की पन्नास. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर आणखी एक, करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

म्हणजे ज्या नोंदणीतून सुटायला अकरा महिन्यांचा शोध लागला, त्या नोंदणीतून महाराष्ट्रात २००० सालापासून सुटकाच नाही. पळवाट बुजवली. तरी आपण रोज त्याच बुजलेल्या भोकातून वाकून जातोय!

आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हा लेगसी कोड आहे. कुणीतरी कधीतरी एका बगसाठी एक कॉन्स्टंट टाकला. तो बग पुढच्या व्हर्जनमध्ये गेला, कमेंट पुसली गेली, लिहिणारा कंपनी सोडून गेला. कॉन्स्टंट तसाच राहिला आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नाही.

आता थोडं गणित

'पण जास्त मुदतीचा करार महाग पडतो ना?' हा पुढचा प्रश्न. चला, कागद घेऊ. सोपे आकडे धरू. भाडं २०,०००, अनामत ६०,०००.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क लागतं ते ०.२५ टक्के. कशावर? मुदतीतलं एकूण भाडं, आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या दोन्हींच्या बेरजेवर. हा हिशेब ६० महिन्यांपर्यंतच्या कराराला लागू आहे. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये.

अकरा महिने: भाडं २,२०,०००, व्याज ५,५००, बेरीज २,२५,५००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ५६४ रुपये. अधिक १,०००. एकूण १,५६४.

तेहतीस महिने: भाडं ६,६०,०००, व्याज १६,५००, बेरीज ६,७६,५००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,६९१ रुपये. अधिक १,०००. एकूण २,६९१.

तेहतीस महिन्यांत अकराचे तीन करार केले तर १,५६४ गुणिले तीन, ४,६९२. एकच करार केला तर २,६९१. दोन हजार वाचले. मधल्या काळात भाडं वाढणार म्हणून शे-पन्नास रुपये इकडेतिकडे धरा, दस्त हाताळणीचा वगैरे खर्च वेगळा धरा (तोही तीनदाऐवजी एकदाच!). थोडक्यात काय, जास्त मुदतीचा करार महाग नाही, स्वस्तच पडतो. तेसुद्धा आता नोंदणी घरी बसून, बोटाचा ठसा आणि वेबकॅमवर होते, तेव्हा कचेरीतल्या रांगेचं कारणही गेलं.

मग फायदा कुणाचा? तीन करार म्हणजे तीनदा करार करून देण्याची फी. घर बदललं तर नवीन दलाली, बहुतेक वेळा एका महिन्याचं भाडं, आणि ती दोन्ही बाजूंकडून. मी एजंट लोकांना शिव्या घालत नाहीये. माझ्या एका एजंटने मला पावसात चार घरं दाखवली, आणि स्वतःच्या गाडीवरून फिरवून दाखवली. माणूस चांगला. पण ज्याचं पोट घर बदलण्यावर आहे, तो तुम्हाला 'सर, ३३ महिन्यांचा करा' असं आपण होऊन कशाला सांगेल? ते आपणच विचारायला हवं. आणि विचारत कुणीच नाही.

मालकांची भीती

आता दुसऱ्या बाजूने बोलू, नाहीतर मालक मंडळी म्हणतील एकतर्फी लिहितोय.

महाराष्ट्रातल्या घरमालकाला भाडेकरूची भीती वाटते आणि त्या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. त्यातून पागडी आली, पडक्या चाळी आल्या, आजोबांच्या वेळच्या भाड्यात मोक्याच्या जागी राहणारी नातवंडं आली. पुढे मालकांनी भाडेकरू म्हणायचं सोडून 'लायसन्सी' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे कायदा लागू नको. तर १९७३ साली दुरुस्ती आली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर राहत असलेले लायसन्सीसुद्धा संरक्षित भाडेकरू झाले. एका रात्रीत! ज्या काकांनी 'वर्षभरासाठी' म्हणून खोली दिली होती त्यांची खोली पिढ्यान्‌पिढ्यांसाठी गेली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की भाडी अशी गोठवून ठेवणं अवाजवी आहे.

तेव्हा मालकांची भीती खोटी नाही. पण ती जुनी आहे. १९९९ च्या कायद्यात तिच्यावरच औषध आहे, कलम २४. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की लायसन्सीने ताबा द्यायचा. नाही दिला तर मालकाने नेहमीच्या कोर्टात वर्षानुवर्षं झिजायचं नाही, त्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं. लेखी करार हाच निर्णायक पुरावा. आणि मुदत संपल्यावर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची दुप्पट भाड्याने भरपाई.

हे कलम नीट वाचा. त्यात 'अकरा' हा आकडा कुठेही नाही. मुदत संपली पाहिजे, एवढंच. अकरा महिन्यांची संपो की तेहतीस महिन्यांची. मालकाचं घर अकरा महिन्यांच्या करारात जेवढं सुरक्षित आहे तेवढंच तेहतीस महिन्यांच्या करारातही आहे, ते 'बळकावलं' जात नाही.

एक गोष्ट मान्य. भाडेकरू नाठाळ निघाला तर मुदत संपायची वाट बघणं जास्त लांबतं. त्यासाठी करारात कलम टाकता येतं, सलग दोन महिने भाडं थकलं की करार रद्द. आणि तीन महिन्यांची अनामत तुमच्या खिशात आहेच की! धोका शून्य होत नाही. पण चांगला भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलत राहण्यातही धोकाच आहे. दर वेळी नव्या अनोळखी माणसाला घरात घेताय. वर घर एक महिना रिकामं, एक महिन्याची दलाली, रंगकाम. या चाळीस-पन्नास हजारांचा हिशेब किती मालक करतात?

'पण करार वाढतोच की!'

हा सगळ्यात चिवट आक्षेप. अकरा महिने झाले म्हणून कुणी लगेच हाकलत नाही, करार वाढतो, तू उगाच बाऊ करतोयस.

वाढतो, बरोबर. पण कुठल्या भावात?

घर बदलायचा खर्च मांडतो, माझाच. शहरातल्या शहरात २ बीएचकेचे पॅकर्स ११,०००. एसी काढणं-लावणं आणि गॅस भरणं ३,५००. दलाली २०,०००. जुन्या अनामत रकमेतून 'रंग आणि साफसफाई' म्हणून कापले जाणारे १२,०००. झाले ४६,५००. पडद्यांचे रॉड, इलेक्ट्रिशियन, नळाच्या जाळ्या, इंटरनेटची बदली, दोन्ही घरांचं भाडं अंगावर पडणारे ते चार-पाच दिवस धरा. पन्नास हजार. दोन सुट्ट्या आणि एक भांडण वेगळं.

आता मालक म्हणाले, 'पुढच्या करारात भाडं २४,०००.' म्हणजे २० टक्के वाढ. अकरा महिन्यांत जादा गेले ४४,०००. पन्नासपेक्षा कमीच. मग शहाणा माणूस काय करेल? मुकाट सही करेल. आणि हे मालकांनाही कळतं, एजंटला तर फारच कळतं.

आपण ऑफिसात याला काय म्हणतो? व्हेंडर लॉक-इन. एकदा सगळा डेटा त्यांच्याकडे गेला की दर वर्षी रिन्यूअलला ते किंमत वाढवतात, कारण बाहेर पडण्याचा खर्च वाढीपेक्षा जास्त आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून कंपन्या तीन-तीन वर्षांचे करार करतात, वाढ किती टक्के हे आधीच लिहून घेतात. कंपनीसाठी हे सगळं बारकाईने करणारा माणूस स्वतःच्या डोक्यावरच्या छपरासाठी मात्र एजंटने आणलेल्या पीडीएफवर अंगठा टेकवतो!

करार वाढला तरी, दर अकरा महिन्यांनी दारात एक अदृश्य टेम्पो उभा असतो. वाटाघाट त्या टेम्पोकडे बघूनच होते.

खोक्यांत काय भरत नाही

पैशाचं झालं. आता जे जास्त लागतं त्याबद्दल.

मी धनजचा. वाशीम जिल्हा, कारंजा तालुका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाशीम नकाशात शोधावं लागेल, माझा काही राग नाही, जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी आम्ही अकोल्यात होतो. आमच्या घराला समोरच्या बाजूला दोन खोल्या आहेत. माझ्या लहानपणी तिथे एक गुरुजी भाड्याने राहायचे, चौदा वर्षं राहिले. करार नव्हता. भाडं वाढवायचं असलं की बाबा दसऱ्याला सोनं द्यायला गेले की विषय काढायचे, गुरुजी म्हणायचे, 'पाहू भाऊ, या सालचा सोयाबीन निघू द्या,' जणू काही सोयाबीन त्यांचाच होता. त्यांनी अंगणात लिंबाचं झाड लावलं. भाडेकरूने! बदली झाली तेव्हा मेटॅडोर भरायला निम्मी गल्ली आली होती आणि सामान चुंगड्यांत बांधलं होतं. ते लिंबू आम्ही अजून खातो.

हे सांगून मी 'गावाकडे किती गोड' असं म्हणत नाहीये. गावात खोली देताना आधी आडनाव विचारतात, मग पगार. तोंडी करार ज्याची ओळख आहे त्याला गोड, ज्याची नाही त्याला दार बंद. (पुण्यातही 'फॅमिलीच पाहिजे', 'व्हेजच पाहिजे' यामागे काय विचारलं जातंय हे आपल्याला कळतं.) म्हणून मला कागद हवाच आहे. नोंदवलेला, शिक्क्याचा कागद. फक्त तो इतका तोकडा नको की त्यात एक लिंबाचं झाड बसू नये.

अकरा महिन्यांच्या मुदतीने आपण काय विकत घेतो हेही ठरतं, बघा. मला भिंतभर पुस्तकांचं लाकडी कपाट हवंय. घेतलं नाही, कारण लिफ्टमध्ये बसणार नाही. मातीच्या कुंड्या नकोत, प्लॅस्टिकच्या बऱ्या. भिंतीला खिळा नको, चिकटपट्टीचा हुक आण, करारात 'खिळे ठोकू नयेत' असं कलम आहे. जेवायचं टेबल घडीचं. पलंग नट-बोल्टचा, आणि तो प्रत्येक हलवाहलवीत थोडा जास्त कुरकुरतो. आईने दिलेलं पितळी गुंड धनजलाच ठेवलं, 'नेशील तेव्हा ने' म्हणाली. आपण तिशीकडे आलेली, बऱ्या पगाराची माणसं, आणि आपलं घर म्हणजे प्रवासाचं सामान. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. विंचू निदान दर वर्षी एसीत गॅस भरत नसेल.

गेल्या महिन्यात आईला फोनवर सांगितलं, तर म्हणे, "काहून रे, पुन्हा बिऱ्हाड हालवतं काय? मागच्या घराले काय झालं होतं?" काय सांगणार? घराला काहीच झालं नव्हतं. घर छान होतं. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात यायचं. आईच्या गुडघ्यांना फिजिओथेरपी सुचवली आहे, दोन-अडीच महिने इथे येऊन राहा म्हटलं तर ती विचारते, 'तवापर्यंत घर राहील ना?' हा प्रश्न गमतीचा नाही. फिजिओथेरपिस्ट ज्या गल्लीत आहे त्याच गल्लीत आपलं घर राहील याची हमी मी देऊ शकत नाही.

आणि एक मोठी गोष्ट. मतदान. नियमाप्रमाणे माणूस जिथे नेहमी राहतो तिथे तो मतदार असायला हवा. घर बदललं की फॉर्म ८ भरून पत्ता बदलायचा. आता दर वर्षी-दोन वर्षांनी प्रभाग बदलणारा माणूस दर वेळी हे करेल का? आमच्या टीममधल्या बहुतेकांची नावं अजून गावच्याच यादीत आहेत. २०२४ मध्ये यवतमाळ-वाशीमला लोकसभेचं मतदान २६ एप्रिलला होतं आणि पुण्यात १३ मेला. कुणी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून गावी गेलं, बरेच जण गेलेच नाहीत. परिणाम काय? पुण्याच्या ज्या रस्त्यावरच्या खड्ड्यांना, ज्या टँकरच्या पाण्याला आपण रोज शिव्या घालतो, तिथल्या नगरसेवकाच्या हिशेबात आपण नाहीच. का असावं? पुढच्या निवडणुकीपर्यंत हा माणूस इथे नसणार, हे त्याला आपल्या करारावरून कळतं.

भाडेकरू सोसायटीच्या मीटिंगला जात नाही, झाड लावत नाही, शेजाऱ्यांची नावं पाठ करत नाही. मग लोक म्हणतात, भाडेकरूंना आपुलकी नसते. अहो, अकरा महिन्यांत किती आपुलकी बसते?

बाहेर काय चालतं

ऑनसाइटला जर्मनीत गेलेल्या मित्रमैत्रिणींना विचारा. तिथे राहत्या घराचा करार सहसा बेमुदत असतो. मुदत घालायची तर मालकाला कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एक लेखी द्यावं लागतं, स्वतः राहायला येणार आहे, मोठी दुरुस्ती करायची आहे वगैरे. 'असाच असतो' हे कारण चालत नाही. तिथली माणसं भाड्याच्या घरात आयुष्य काढतात आणि कित्येकदा स्वयंपाकघराची कपाटं-ओटासुद्धा स्वतःचा बसवतात, कारण तेवढं राहायचं असतं. तिथेही घरं मिळायची मारामार आहे, सगळं गुलाबी नाही. पण मुदत कुणी ठरवायची याचा विचार तरी झालाय.

आपल्याकडे जून २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. पण तो 'आदर्श' आहे, म्हणजे राज्याने स्वीकारला तरच लागू. त्याची वाट बघत बसायची गरज नाही. मी जे मागतोय त्याला नवा कायदा लागतच नाही. १९९९ चा पुरतो.

मग करायचं काय?

पुढचा करार करताना एजंटला सांगा, मुदत ३३ महिने लिहा. तो म्हणेल असं नसतं. त्याला कलम ५५ आणि कलम २४ दाखवा, वरचं गणित दाखवा. आणि या चार ओळी घालायला सांगा:

१. मुदत ३३ महिने, दर अकरा महिन्यांनी भाड्यात ५ टक्के वाढ. (अकराची ज्यांना फारच सवय आहे त्यांच्या समाधानासाठी!)

२. पहिले सहा महिने कुणालाच करार मोडता येणार नाही.

३. त्यानंतर भाडेकरूने एक महिन्याची लेखी सूचना द्यावी. मालकाने तीन महिन्यांची, आणि तीही घर विकायचं असेल किंवा स्वतःला राहायला लागणार असेल तरच.

४. सलग दोन महिने भाडं थकलं तर मालकाला करार रद्द करता येईल.

मालकांना एक महिना आणि आपल्याला तीन, हा पक्षपात नाही का? आहे. मालकांना दुसरा भाडेकरू शोधायचा असतो, आपल्याला दुसरं घर शोधून संसार उचलायचा असतो. वजन ज्याच्या डोक्यावर जास्त त्याला वेळ जास्त.

मी या वेळी हे मागितलं. पहिल्या दोन मालकांनी नाही म्हटलं, एकांनी तर फोनच ठेवला. तिसऱ्या काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं, वकील भाच्याला विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "म्हणजे मला तीन वर्षं एजंटचं तोंड बघायला नको? चालेल की." घर ऑफिसपासून चार किलोमीटर लांब आहे आणि सकाळचं ऊन येत नाही. तरी घेतलं.

आणि शेवटचं, हे खास तुमच्यासाठी. आपल्यातले बरेच जण आज भाडेकरू आहेत आणि दोन-चार वर्षांत हिंजवडी किंवा वाघोलीला कर्ज काढून फ्लॅट घेतील. काहींनी घेतलेलाही आहे, 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून, आणि तो भाड्याने दिलाय. कितीच्या मुदतीने? सांगायची गरज नाही. जे दर वर्षी टेप आणि खोकी विकत घेताना मालकांच्या नावाने बोटं मोडतात, तेच स्वतःच्या फ्लॅटचा करार करताना एजंटला म्हणतात, 'नेहमीचाच करा, अकरा महिन्यांचा.' ही रूढी वर बसलेल्या कुणा दुष्ट जमीनदाराने चालवलेली नाही. ती आपणच चालवतोय, एकदा या बाजूने सही करून आणि एकदा त्या बाजूने.

तेव्हा लोकहो, तुम्ही मालक असाल तर पुढच्या वेळी तेहतीस आपण होऊन द्या. भाडेकरू असाल तर मागा. नाही म्हणाले तर कारण विचारा, आणि 'असाच असतो' हे उत्तर घेऊ नका.

असो. स्वयंपाकघराचं पॅकिंग अजून व्हायचंय, आणि टेम्पोवाला उद्या सकाळी आठला येतोय.